डिझेल घ्यावी की पेट्रोल? (रोज १२ किमी, अधूनमधून चिपळूण)

रानजाई
नमस्कार मंडळी. आमची हॅचबॅक आता थकली. बजेट नऊ लाख. ओळखीतून २०२१ची डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही मिळतेय, ५२ हजार किमी झालेली. तेवढ्याच पैशांत नवी पेट्रोल येते, पण लहान. राहायला कोथरूडला, ऑफिस शिवाजीनगरला, जाऊन-येऊन रोजचे १२ किमी. दीड-दोन महिन्यांतून एकदा कुंभार्ली घाटाने चिपळूण. सासरे ठाम आहेत, "डिझेलच घ्या, ते इंजिन मरत नाही." त्यांनी शेतावर पंचवीस वर्षं डिझेल पंप चालवलाय, त्यामुळे या विषयात घरात त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. मला तर दोन्ही इंजिनांत फरक काय तेच धड माहीत नाही. "डिझेल म्हणजे अ‍ॅव्हरेज" याच्या पुढचं कुणी सांगेल का?

आगाऊ_बाळ
पेट्रोल. पुढचा धागा.

हिशेबनीस
वर्षाला साधारण सात हजार किमी होतील तुमचे. पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला १५ किमी, डिझेल ९१ रुपये आणि १९ किमी धरू. किमीमागे दोन रुपये चौदा पैसे वाचतात, म्हणजे वर्षाला पंधरा हजार. नव्या गाडीत एकाच मॉडेलच्या डिझेलला सव्वा लाख जास्त मोजले तर ते वसूल व्हायला सव्वाआठ वर्षं. सेकंडहँडमध्ये हा फरक कमी भरेल, पण मग दुरुस्तीचा खर्च धरायला हवा, आणि तो आधी कुणालाच सांगता येत नाही.

नोझलवाला
कराडला तीस वर्षं नोझल आणि पंप टेस्टिंग केलं, आता मुलगा बघतो. म्हणून जरा लांबण लागेल.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, बघितलं असेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, पिस्टनने ती पंधरा-वीस पट दाबायची. ती पाचशे अंशांच्या पार जाते. मग नोझल त्यात डिझेलचा फवारा मारतं आणि तो आपोआप पेटतो. स्पार्क प्लग नाहीच.

पेट्रोल इंजिनात बहुतेक वेळा हवा आणि पेट्रोल आधीच मिसळून आत येतं, नऊ ते बारा पट दाबलं जातं आणि प्लगच्या ठिणगीने पेटतं. तिथे डिझेलइतकं दाबलं तर ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच मिश्रण आपोआप भलतीकडे पेटेल. त्यालाच नॉकिंग म्हणतात.

एवढा दाब सोसायचा म्हणून डिझेलचा ब्लॉक जाड, क्रँक दणकट, वजन जास्त, किंमत जास्त. आवाजही त्याचाच. पण जास्त दाबलेला वायू जास्त फुलतो, म्हणून त्याच उष्णतेतून काम जास्त निघतं. शिवाय लिटरभर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णताच दहा टक्क्यांच्या आसपास जास्त असते. आणखी एक, जे कुणी सांगत नाही. पेट्रोल गाडीत तुमचा पाय हवेचं दार उघडतो. शहरात ते दार बहुतेक वेळ अर्धवट मिटलेलं, म्हणजे श्वास घेतानाच इंजिनाला दम लागतो. डिझेलमध्ये हवा भरपूर, पाय फक्त डिझेल कमी-जास्त करतो. अ‍ॅव्हरेज या तिन्हींतून येतं.

म्युनिककर
अवांतर: रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गला चालवून दाखवलेलं इंजिन इथल्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलंय. माणसापेक्षा उंच धूड, ताकद २० हॉर्सपॉवर. पण इंधनातल्या उष्णतेचा २६ टक्के भाग त्यातून कामाला आला होता, आणि त्या काळची वाफेची इंजिनं दहाच्या आसपास घुटमळत होती. बाकी चालू द्या.

वाशिष्ठीकाठ
घाटात चढायला डिझेलच. गाडीत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, तरी तिसऱ्यात दोन हजार आरपीएमवर ओढत नेते. पेट्रोलला दुसरा टाकून बोंबलत ठेवावं लागतं. आणि उतरताना डिझेल इंजिन गाडीला जास्त धरून ठेवतं.

नोझलवाला
चढाचं बरोबर. आता टर्बो (जास्तीची हवा आत कोंबणारा पंखा) लावलेल्या पेट्रोल गाड्याही बऱ्यापैकी ओढतात, ते सोडा. उताराचं मात्र उलटं आहे. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, पिस्टनला परत ढकलते. पेट्रोलमध्ये पाय काढला की हवेचं दार मिटतं आणि ती ओढ गाडीला धरते. साध्या डिझेलला ते दारच नाही. म्हणून तर ट्रकला वेगळा एक्झॉस्ट ब्रेक द्यावा लागतो.

रानजाई
नोझलवाला काका, इतकं छान आजवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सासरेच बरोबर?

नोझलवाला
त्यांच्या इंजिनाबद्दल शंभर टक्के बरोबर. त्याला बॅटरीसुद्धा नव्हती. हँडल मारायचं, डिकॉम्प्रेशनचा खटका सोडायचा, सुरू. टाकी कोरडी पडून लाइनमध्ये हवा शिरली तर पाना घ्यायचा, नट सैल करून एअर काढायची, पुन्हा सुरू. नोझलचा दाब दोनशे बारच्या आसपास. थोडा कचरा पचवायचं.

तुम्ही बघताय त्या गाडीत कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल मिळतं. दाब सोळाशे-दोन हजार बार, नोझलची भोकं केसाएवढी. डिझेलमध्ये पाणी आलं की पंपाची वाट लागते. पण मला भीती त्याची नाही, काजळीची आहे. डिझेल ऐनवेळी फवारलं जातं, त्यामुळे ते हवेत पुरतं मिसळत नाही. फवाऱ्यात जिथे हवा कमी पडते तिथे काजळी धरते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आले, तेव्हापासून ती अडवायला सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ नावाची जाळी असते. जाळी भरली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून तिला सहाशे अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्याला पंधरा-वीस मिनिटं सलग, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालावी लागते.

कोथरूड ते शिवाजीनगर सहा किमी. इंजिन धड तापत नाही तोवर तुमचं पार्किंग आलं. जाळणं अर्ध्यावर तुटतं, दुसऱ्या दिवशी परत सुरू होतं, परत तुटतं. बऱ्याच गाड्यांत हे जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच सोडतात. ते भिंतींवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ, आणि ऑइल मोजायच्या पट्टीवर, डिपस्टिकवर, लेव्हल चढलेली. ऑइल कमी झालं की लोक घाबरतात, इथे वाढलं की घाबरायचं.

रोज चाकण किंवा तळेगावला जात असतात, तर हीच गाडी घ्या म्हणालो असतो.

हिशेबनीस
म्हणजे माझं गणित निम्मंच खरं. सात हजार किमी हायवेचे की सिग्नलचे, हे आधी विचारायला हवं होतं.

घाईत_आहे
एक अनुभव. डिझेल गाडीत एका पंपावर पोराने पेट्रोल भरलं. मी तसाच निघालो, दोन किमीवर बंद. पंप आणि चारही नोझल गेले. डिझेलला जो बुळबुळीतपणा असतो त्यावरच पंपाचं वंगण चालतं, पेट्रोलला तो नाही. असं झालं तर किल्लीसुद्धा फिरवू नका. टोइंग करून टाकी रिकामी करून घ्या.

रानजाई
बापरे. तरी शनिवारी गाडी बघायला जायचं ठरलंय, सासऱ्यांचा मान. काय काय बघू?

नोझलवाला
फोनवरच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. गरम असेल तर खोड लपवायला आधीच सुरू केली असेल. गार इंजिन कसं उठतं, धूर कसला येतो ते बघा. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखी पिवळी खूण येते ती हीटर प्लगची, गार हवेत इंजिनाला मदत करणाऱ्या. ती विझू द्या, मग स्टार्टर मारा. चालू इंजिनात ऑइलचं झाकण उघडून बघा, भपकारे येत असतील तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. ऑइल काळं दिसलं तर दचकू नका, डिझेलमध्ये ते लगेचच काळं होतं. डिपस्टिक मात्र इंजिन चालू करायच्या आधी, सपाट जागेवर बघा. आणि मालकाला गप्पांच्या ओघात विचारा, गाडी रोज कुठे जायची.

रानजाई
जाऊन आलो. बॉनेट गार होतं, गाडी आतून नव्यासारखी, मी तर पाघळलेच होते. मालक आधीचे पेठेतले, दुकान आणि घर, बास. सासऱ्यांनी स्वतः डिपस्टिक काढली. खुणेच्या बोटभर वर. बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला आणि म्हणाले, "यात डिझेल उतरलंय." परतीच्या वाटेत चांदणी चौकापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेट्रोलवाल्याकडे कधी जायचं?"

आगाऊ_बाळ
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

नोझलवाला
सासऱ्यांना माझा नमस्कार. साधं पेट्रोल की टर्बो, ते आता घाटातल्या टेस्ट ड्राइव्हवर ठरवा. गाडीत सगळी माणसं बसवून न्या, एकट्याने नेऊन काही कळत नाही.