मेकॅनिकल: कराडचं सरकारी की पुण्यातलं खासगी?

शेवगा: सीईटीच्या पर्सेंटाइलवर कराडचं शासकीय कॉलेज आणि पुण्यातली मधल्या फळीतली खासगी कॉलेजं, दोन्ही आवाक्यात असतील तर पुणंच घ्यावं. भोसरी-चाकणचे कारखाने जवळ. जिग-फिक्स्चरचा (मशीनवर काम पकडून ठेवणाऱ्या साधनांचा) प्रोजेक्ट कंपनीत वर्षभर चालवता येतो. माप चुकलं तर पुढच्या शनिवारी जाऊन परत घेता येतं.

कृष्णाकाठ: असे शनिवार किती मुलांच्या नशिबी येतात? फीतला फरक चाराने गुणा, वर कॉट बेसिसचं भाडं आणि मेस धरा. सुट्टीतली इंटर्नशिप कराडचा मुलगाही पुण्यात खोली घेऊन करतो. आणि कारखाने काय फक्त पुण्यात आहेत? सांगलीकडे किर्लोस्करवाडीला पंप बनतात, कोल्हापूरजवळ शिरोलीला फौंड्र्या (धातू ओतायचे कारखाने) आहेत.

पाना_१४: शहरावरून भांडण्यापेक्षा वर्कशॉप बघून या. वीसच्या बॅचला चालू लेथ किती, ते मोजा. चार असतील तर एका लेथवर पाच जण: एक टर्निंग करतो, चौघं जर्नल उतरवतात. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ असेल तर ते मशीन फक्त तपासणी समितीसाठी आहे. मागच्या बॅचने वर्कशॉपात बनवलेले जॉब (तुकडे) दाखवा म्हणावं. यूटीएमवर (धातूची ताकद तपासायच्या मशीनवर) कॅलिब्रेशनचा, म्हणजे मापं बरोबर असल्याच्या तपासणीचा, स्टिकर असतो, त्यावरची तारीख वाचा. आणि हो, नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते. मेकॅनिकलला एनबीए, म्हणजे त्या शाखेपुरतं मानांकन, आहे का, कधीपर्यंत, हे वेगळं विचारा.

शेवगा: सरकारीतल्या रिक्त जागा विसरलात. तासिका तत्त्वावरचे सर अर्ध्या सेमिस्टरला गेले की थर्मोडायनॅमिक्स तिथेच लटकतं.

कृष्णाकाठ: खासगीतले सर कुठे टिकतात? त्यांच्या प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर तर जाऊच नका. नऊ जणांना ४ लाख आणि एकाला २४ लाख, की सरासरी झाली ६. मधला आकडा विचारा, आणि त्यातले कोअरमध्ये (मेकॅनिकलच्याच कामात) किती, आयटीत किती, तेही.

पाना_१४: फॉर्म भरताना एक सांभाळा. २०२५च्या कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमध्ये) पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घेणं सक्तीचं होतं; दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी लागला तरी तेच. 'लागतंय का बघू' म्हणून वर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडतं. यंदाचं माहितीपत्रक वाचूनच क्रम लावा.

शेवगा: मग पहिल्या क्रमांकावर पुणं.

कृष्णाकाठ: लावा. पण आधी त्या सीएनसीवरचं कव्हर उचलून बघा.