पॉवर सप्लायवर कात्री नको
नवा पीसी जुळवताना पॉवर सप्लाय (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) स्वस्तातला घेऊन उरलेल्या पैशांत मोठं ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं पडद्यावर उमटवणारा भाग) घ्या, असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. माझ्या पहिल्या पीसीत मी तेच केलं होतं. गेम सुरू केला की दहा मिनिटांत मशीन फट्कन बंद! महिनाभर मी रॅमच्या (मेमरीच्या) पट्ट्या काढून-घालून बघत होतो, दोष मात्र त्या स्वस्त पॉवर सप्लायचा होता.

पैसे वाचवायचेच तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर वाचवा. गेमिंग नसेल तर ग्राफिक्स कार्डही नको; मात्र मग इंटेलचा नावाशेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर टाळा, त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्डाशिवाय पडद्यावर चित्र येत नाही. रॅम १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या, ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी डेटा जातो-येतो. आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू करा, नाहीतर ३२०० वेगाची डीडीआर४ (रॅमची एक पिढी) रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४००वरच चालत राहते.