वेल्सच्या डोंगरांवरील सिझियम इतकी वर्षे गवतात का उतरत राहिले?

प्रश्न :
एप्रिल १९८६ मधील चेर्नोबिल अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर पावसाबरोबर खाली आलेल्या सिझियम-१३७ या किरणोत्सारी मूलद्रव्यामुळे ब्रिटनमध्ये त्याच वर्षी जूनमध्ये मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. ते तीन आठवड्यांत उठतील असा सरकारचा अंदाज होता. वेल्स व कंब्रियाच्या काही डोंगरांवर ते २०१२ पर्यंत टिकले. त्याचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) तर सगळीकडे ३० वर्षांचेच. मग सखल भागातील कुरणे लवकर निर्धोक का ठरली?

प्रतिसाद १ :
फरक मातीचा आहे. तीन आठवड्यांचा अंदाज बेतला होता सखल भागातील चिकणमातीच्या अनुभवावर. अभ्रकाचा तुकडा नखाने सोलला की त्याचे पापुद्रे कडेला विस्कटतात; चिकणमातीतील इलाइट या खनिजाची बांधणी तशीच असून, सिझियमचा आयन (विद्युतभारित अणू) आपले पाण्याचे वेष्टण सहज टाकून त्या कडांच्या फटींत शिरतो आणि पापुद्रे मिटले की तिथेच अडकतो. डोंगरावरची पीट माती कुजलेल्या शेवाळाची, आम्लधर्मी, पोटॅशियमला वंचित. तिथे सिझियम सैलसर धरले जाते, मुळे ते पोटॅशियमच्या जागी उचलतात, मेंढी गवत खाते आणि लेंड्यांवाटे ते पुन्हा मातीत येते.

प्रतिसाद २ :
एक पुरवणी. तिथले सिझियम खोल झिरपून गेले असते तर प्रश्न लवकर सुटला असता. ते मुळांच्या थरातच फिरत राहिले, हीच अडचण होती. जपानमधील फुकुशिमात २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर सिझियम बहुतांशी वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये अडकलेले असल्यामुळे तो थर खरवडून काढता आला, आणि भातखाचरांत पोटॅश (पोटॅशियमयुक्त) खत देऊन पिकातील सिझियम कमी करता आले.

प्रश्नकर्ता :
म्हणजे आपली चिकण काळी माती अशा वेळी उत्तम ठरावी? आणि स्ट्राँशियम-९० या दुसऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्याचे काय?

प्रतिसाद १ :
काळ्या मातीबाबत इतके ठाम म्हणता येणार नाही. तिच्यात प्रामुख्याने स्मेक्टाइट हे चिकणमातीचे दुसरे खनिज असते. ते आयन भरपूर धरते, पण त्यांची अदलाबदलही सहज होऊ देते, आणि सिझियमला कायमचे जखडण्यात इलाइट त्याच्यापेक्षा सरस आहे. स्ट्राँशियम कॅल्शियमसारखे वागते, त्यामुळे ते इलाइटच्या त्या फटींत अडकून राहत नाही. आम्लधर्मी, चुना कमी असलेल्या रेताड जमिनीत ते पाण्याबरोबर आणि पिकात अधिक जाते; अशा जमिनीला चुना दिल्यास पिकातील त्याचे प्रमाण घटते.