गाडी, पोरं आणि रिकामा खिसा : कमी पैशांतले रोड मूव्ही तुम्हाला कसे वाटले?

परवा भाचा राहायला आला होता. वय २२. सिनेमा निवडायची पाळी त्याची. यादीत 'इ तू मामा तांबियेन' (२००१) दिसल्यावर म्हणाला, "नावातच मामा आहे, हाच लावू." स्पॅनिशमध्ये त्या मामाचा अर्थ आई होतो हे सांगेपर्यंत सिनेमा सुरू झाला होता. ज्यांनी पाहिलाय त्यांना पहिलाच प्रसंग आठवत असेल. आम्ही दोघंही एकदमच पाणी प्यायला उठलो.

पण नंतर बसून पूर्ण पाहिला. दोन जिगरी मित्र, त्यांच्याहून मोठी एक बाई, एक जुनी गाडी आणि पोरांनी थाप म्हणून सांगितलेला समुद्रकिनारा. आल्फोन्सो कुआरोननं हॉलिवूडमध्ये बड्या नटांचे सिनेमे केल्यावर मेक्सिकोत परत येऊन, हातात कॅमेरा धरून हा काढला. भाच्याला सगळं आवडलं, एक गोष्ट सोडून. मध्येच आवाज बंद होतो आणि कुणी तिऱ्हाईत सांगू लागतो की रस्त्यात मरून पडलेला तो माणूस गवंडी होता, पादचारी पूल लांब होता म्हणून त्यानं तसाच रस्ता ओलांडला. मग पुन्हा पोरांची टवाळी सुरू. "मामा, याचा गोष्टीशी संबंध काय?" मी दहा मिनिटं बोललो. "बरं," म्हणाला आणि मोबाइल काढला. म्हणजे पटलं नाही.

तेव्हा इथे विचारतोय. पैसे कमी, रस्ता लांब आणि वयात येणारं कुणीतरी, अशा जातीचा सिनेमा तुम्ही केव्हा पाहिलात आणि त्यानं तुमचं काय केलं? चांदण्या देऊ नका, प्रसंग सांगा. आवडला नसेल तर तेही बिनधास्त लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी सांगा.

•

शेवट फोडतोय, सांगून ठेवतो.

हाच सिनेमा मी दोनदा पाहिला, १९ व्या वर्षी आणि ४१ व्या. पहिल्यांदा आम्ही तिघं मित्र दाटीवाटीनं एका संगणकासमोर होतो आणि का पाहत होतो ते स्पष्टच आहे. ती बाई वारल्याचं शेवटी कळतं, ते आमच्यापैकी एकाच्याही लक्षात राहिलं नव्हतं! बावीस वर्षांनी एकट्यानं पाहिला तेव्हा कळलं की तिला हे आधीपासून ठाऊक होतं. मग ती गाडीत हसते ते प्रत्येक हसू वेगळं दिसायला लागलं. पोरांना वाटतं सहल त्यांची आहे. सहल तिची असते.

आणि तो उपाहारगृहातला शेवट. दोघं एका वर्षानं समोरासमोर बसतात, बोलायला काही नसतं, निवेदक सांगून टाकतो की ते पुन्हा भेटणार नाहीत, आणि बिल मागवलं जातं. आम्ही तिघंही पुन्हा भेटलो नाही. भांडणबिंडण काही नाही. मी त्या दोघांना निरोप पाठवायचा म्हणून मोबाइल हातात घेतला होता. एकाचा नंबर बदललाय आणि दुसऱ्याला काय लिहावं हे सुचेना.

•

मला हा प्रकार आवडत नाही. पोरगं खिडकीबाहेर बघतंय. मागे गिटार. पोरगं खिडकीतून हात बाहेर काढतं, हाताची लाट करतं. पुन्हा गिटार. गाडी बंद पडते. एक विक्षिप्त म्हातारा भेटतो आणि दोन वाक्यांत आयुष्य समजावतो. समुद्र. पोरगं धावत जातं, कॅमेरा मागेच थांबतो. संपलं, टाळ्या.

"बजेटच नव्हतं हो" हे कॅमेऱ्याला लागू होतं, दिव्यांना होतं. पटकथेला होत नाही. कागद स्वस्त असतो.

•

वरच्या प्रतिसादाला अर्धं अनुमोदन, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आतली गोष्ट सांगते. मी ध्वनिमुद्रणात मदतनीस म्हणून अशाच एका सिनेमावर होते. नाव सांगत नाही, सांगूनही कुणाला माहीत नसेल. एक मुलगा, त्याचा काका, एक टेम्पो.

मोठ्या सिनेमात नटांची गाडी सपाट ट्रेलरवर चढवतात आणि दुसरं वाहन ती ओढतं. नटाला फक्त स्टिअरिंग हलवायचं असतं. आमच्याकडे ट्रेलर कुठला! काकाचं काम करणारा नट खरंच टेम्पो चालवत होता, कॅमेरामन त्याच्या शेजारी दाराला पाठ टेकून, मी सीटच्या मागे पोत्यासारखी मुडपून, आणि दिग्दर्शक पाठीमागे हौद्यात ताडपत्रीखाली छोटा मॉनिटर घेऊन. वाऱ्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून काचा बंद, पंखा बंद. पुढे एका ठिकाणी परीक्षण आलं, त्यात 'चेहऱ्यांवरचा घामेजलेला वास्तववाद' असं लिहिलं होतं. तो वास्तववाद माझ्या माइकमुळे होता.

एरवी शूटिंग ठिकाणांच्या सोयीनं उलटसुलट करतात. शेवट आधी, सुरुवात नंतर. रोड मूव्हीत मात्र गोष्ट जाते तिकडेच युनिट जातं, त्यामुळे क्रमानं शूट करणंच बऱ्याचदा स्वस्त पडतं. पहिल्या आठवड्यात मुलगा त्या नटाला बुजत होता, ते पडद्यावर आहे. तिसऱ्या आठवड्यात तो त्याच्या खिशातून न विचारता रुमाल काढून घ्यायला लागला, तेही आहे. पटकथेत नव्हतं.

मग पैसे संपले. चार महिने काम बंद. पुन्हा सगळे जमलो तेव्हा मुलानं "नमस्कार ताई" म्हटलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आवाज फुटला होता! कानाला हेडफोन लावला की एकाच वाक्यात दोन मुलगे ऐकू यायचे, एक वरच्या पट्टीतला, एक घोगरा. आधीचं सगळं पुन्हा डब करायला पैसे नव्हते. दिग्दर्शकानं दोन दिवस नखं खाल्ली आणि शेवटी तसंच ठेवलं. मध्यंतरानंतर त्याचा आवाज वेगळा आहे. माझ्या माहितीत ही गोष्ट एकाच प्रेक्षकाच्या लक्षात आली, त्याच्या आईच्या. ती खेळ संपल्यावर आमच्या वरिष्ठ रेकॉर्डिस्टकडे आली आणि म्हणाली, "त्याच्या आधीच्या आवाजाची फीत मिळेल का?" दिली आम्ही. संवाद नसलेल्या जागांसकट.

•

'लिटल मिस सनशाइन' (२००६) या धाग्यात चालेल का? ऐंशी लाख डॉलर म्हणजे आपल्या मानानं गरिबी नव्हेच, पण तिथल्या मानानं छोटाच, आणि तो उभा राहायला पाच वर्षं लागली होती. पिवळी व्हॅन, ढकलल्याशिवाय सुरू न होणारी. सगळे तिच्याबद्दलच बोलतात. मला बोलायचंय ड्वेनबद्दल.

हवाई दलात वैमानिक होईपर्यंत बोलायचं नाही असा त्यानं पण केलेला असतो. वाटेत गाडीतच, बहिणीकडच्या रंगांच्या तक्त्यावरून, त्याला कळतं की आपल्याला रंगांधळेपणा आहे. म्हणजे विमान विसरा. गाडी थांबते, तो उतारावरून खाली धावतो आणि किंचाळतो. आई समजूत घालायला जाते, उपयोग होत नाही. मग छोटी बहीण खाली उतरते, शेजारी बसते, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवते. एक शब्द बोलत नाही. थोड्या वेळानं तो उठतो.

माझी मुलगी तेव्हा १७ वर्षांची होती, निकालानंतर सहा दिवस खोलीत. मी दर तासाला दाराबाहेरून काहीतरी शहाणपणाचं बोलत होते. सातव्या दिवशी तीच बाहेर आली आणि आम्ही हा सिनेमा लावला, विनोदी आहे म्हणून. तो प्रसंग आला तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडेच बघत राहिले. मला काही सुचलं म्हणून नाही, ती आई माझ्यासारखीच बोलत होती त्याची लाज वाटत होती.

•

'ॲलिस इन द सिटीज' (१९७४). दिग्दर्शक विम वेंडर्स, कृष्णधवल, १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर. लिहायला अडकलेला एक पत्रकार आणि नऊएक वर्षांची मुलगी. मुलीला आजीचं घर शोधायचंय आणि पत्ता नाही, घराचा फोटो आहे. दोघं भाड्याच्या गाडीतून जर्मनीतल्या रूरच्या कामगार वस्त्यांमध्ये लोकांना फोटो दाखवत हिंडतात. घर सापडतंही, पण तिथे आता दुसरीच बाई राहत असते.

काहीच घडत नाही म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. मी स्वतः पहिल्या खेपेला अर्ध्यात सोडला होता. पुन्हा लावला तो एका किश्शामुळे. वेंडर्सची तयारी झालेली असताना त्यानं 'पेपर मून' हा अमेरिकन सिनेमा पाहिला. त्यातही एक माणूस, एक मुलगी आणि रस्ता! वेंडर्सनं आपला सिनेमाच रद्द करायचं ठरवलं होतं. सॅम्युएल फुलर या जुन्या दिग्दर्शकानं त्याला समजावलं आणि पटकथा बदलून काम पुढे नेलं गेलं. वर 'पोरगं, खिडकी, गिटार' लिहिणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतोय. सगळ्यांकडे तेच तीन पत्ते असतात, हे त्या माणसालाही ठाऊक होतं.

लहानपणी आमची घरं इतकी बदलली की मला फोटोवरून एखादं ओळखता येईल याची खात्री नाही. आईला विचारलं तर म्हणाली, फोटो घरांचे कोण काढतं, माणसांचे काढतात. त्या माणसांच्या मागे भिंतींचे तुकडे दिसतात तेवढेच.

•

पत्ते तेच असतात, मान्य. पिसायचे कष्ट घ्या म्हणतोय मी. वेंडर्स घेतो. बाकीचे नव्वद जण नाही घेत.

•

'धनक'. नागेश कुकुनूर, २०१५. राजस्थानातली बहीण-भाऊ, भावाला दिसत नाही, बहिणीला खात्री की शाहरुख खान त्याचे डोळे बरे करून देईल. मी आणि माझा धाकटा भाऊ एकत्र 'बघितला'. त्यालाही दिसत नाही.

मला जरा गोडच वाटला. वाटेत बहुतेक माणसं भलीच भेटतात. भावाला मात्र भांडणं फार आवडली. ती दोघं सारखी एकमेकांवर खेकसतात, तो सलमानवाला, ती शाहरुखवाली. "दया दाखवून बोलत नाही ती त्याच्याशी, हे बरंय," म्हणाला. तक्रार एकच होती : "त्याला सगळे बरोबर दिशेला कसे नेतात? मला तर लोक हात धरून पलीकडे सोडतात, आणि मला जायचंच नसतं पलीकडे."

•

'अमेरिकन हनी' (२०१६), १६३ मिनिटं. मी दोनदा झोपले आणि दोन्ही वेळा जागी झाले तेव्हा ती पोरं व्हॅनमध्ये गाणंच म्हणत होती. तरी वाईट म्हणवत नाही. दारोदार मासिकं विकत फिरणारी पोरं आहेत, नायिका साशा लेन आधी नटी नव्हती, दिग्दर्शिका अँड्रिया अर्नोल्डला ती समुद्रकिनाऱ्यावर सापडली. आणि पडदा जवळजवळ चौरस! एवढा मोठा देश, एवढे रस्ते, आणि बाईनं दोन्ही बाजू कापून टाकल्या. आधी चिडले. मग लक्षात आलं की चौरसात एकच चेहरा मावतो, आणि त्या मुलीला तेवढंच तर दिसतंय. तरीही चाळीस मिनिटं कमी चालली असती.

•

'सेंट्रल स्टेशन', १९९८. रिओच्या स्टेशनात निरक्षर लोकांची पत्रं लिहून देणारी, आणि ती टाकायची टाळणारी, खडूस बाई, आणि आई गेल्यावर बापाला शोधणारा मुलगा. मुलाचं काम करणारा विनिसियस द ओलिव्हेरा विमानतळावर बूट पॉलिश करायचा, तिथेच तो दिग्दर्शक वॉल्टर सालेसला भेटला. स्टेशनात टेबल मांडून शूटिंग चालू असताना खरेच प्रवासी येऊन पत्रं सांगायला बसले आणि त्यांतली काही सिनेमात आहेत. मला गोष्ट धूसर आठवते. ते चेहरे अजून आठवतात, कारण ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, ज्याला पत्र जायचं त्याच्याकडे बघत होते.

•

धागा काढणारा पुन्हा. वाचतोय सगळं. ध्वनिवाल्या ताई, तुमचा प्रतिसाद भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं : "आता आवाज बंद होतो त्या सगळ्या जागा हेडफोन लावून परत ऐकल्या. निवेदक बोलायच्या आधी क्षणभर काहीच नसतं, रस्ता पण नसतो. मुद्दाम केलंय का?"

मुद्दामच केलंय. पण तो त्या सेकंदाबद्दल विचारतोय, गवंड्याबद्दल अजून नाही.