शिवाजी पार्क ‘मुळात’ कुणाचं?

कट्टेकरी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "शिवाजी पार्क मुळात खेळाचं, सभावाल्यांनी बळकावलं." डोकंच फिरलं. १९२५ला खुलं झालं तेव्हा ते माहीम पार्क होतं. १९२७ला महाराजांच्या जन्माची त्रिशताब्दी आली (तेव्हा जन्मसाल १६२७ धरत), आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांनी आग्रह धरून नाव बदलून घेतलं. दोन वर्षांत राजकारण आत! पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, १९६६चा शिवसेनेचा पहिला मेळावा. सभा इथल्या घरच्याच आहेत साहेब.

नेटवाला: "कुणीतरी" म्हणजे मीच. पोरगा सकाळी साडेसहाला किट ओढत येतो तर मंडपाच्या बांबूंचे खड्डे तसेच. गुड लेंग्थवर, म्हणजे चेंडू टप्पा खातो तिथेच, खड्डा असला की चेंडू थेट हनुवटीवर येतो. दोन टाके पडलेत त्याला. २०१०ला उच्च न्यायालयाने शांतता क्षेत्र काय उगीच ठरवलं?

तिसरा मजला: खड्ड्यांचं कौतुक पुरे, धुरळ्याचं बोला. मार्चमध्ये खिडकी तासभर उघडी राहिली तर टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. पांढरा सदरा वाळत घाला, संध्याकाळी गुलाबी! सासरे रोज नेब्युलायझर घेतात. तुमच्या सभा आणि तुमची नेट, दोघांची लाल माती आमच्याच घरात.

नेटवाला: पाणी मारलं की बसते माती.

तिसरा मजला: मारतं कोण? तुम्ही? गवत लावा.

नेटवाला: एवढी पोरं रोज स्पाइक्स घालून धावतात, गवत आठवडा तरी टिकेल का? कधी खेळलायत?

तिसरा मजला: नाही. मी फक्त फडकं मारते. दिवसातून तीनदा.

कट्टेकरी: अहो, विषय काय होता?

ओव्हलचा म्हातारा: "मुळात" काढायचंच तर पार काढा. दक्षिण मुंबईतली ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदानं म्हणजे मुळात सगळं एकच एस्प्लनेड, किल्ल्यासमोरचं पटांगण. इंग्रजांच्या त्या किल्ल्यावरच्या तोफांना समोर आडोसा नको म्हणून मोकळं ठेवलेलं. क्रिकेट मागाहून आलं, सभाही मागाहूनच. आणि १८८०च्या सुमाराला तिथे गोऱ्यांच्या पोलोचे घोडे आपल्या पोरांची खेळपट्टी उखडत होते, त्यावर अर्जविनंत्या झाल्या. म्हणजे मुळात मैदान तोफांचं. बोलवा त्यांना.

नेटवाला: बरं बाबा, "मुळात" मागे घेतला. कट्टेकरी, तुमच्या घरच्या सभांचे खड्डे बुजवायला रविवारी येताय ना? घमेलं माझं.

कट्टेकरी: येतो. पण दसऱ्याला पुन्हा पडणार.

तिसरा मजला: येताना पाण्याचा पाइपही आणा.