रुग्णसंख्या नको, टक्केवारी बघा

‘जानेवारीत फ्लू होता, ऑगस्टमध्ये पुन्हा वाढला, म्हणजे मधले आकडे दडवले’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. भारतात फ्लूचे हंगामच दोन आहेत: एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यात नि त्याला लागून. तेही सगळीकडे सारखं नाही, श्रीनगरला खरा जोर थंडीत असतो. सगळ्या देशाचा एकच आलेख काढला की हा फरक बुजून जातो.

मी काही वर्षं एका रुग्णालयात फ्लूच्या तपासणीसाठी नमुने घ्यायचे. प्रत्येक शिंकणाऱ्याचा नमुना घेत नाहीत. ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप, सोबत खोकला आणि दुखणं १० दिवसांच्या आतलं, असेच रुग्ण निवडायचे. घशातला स्वॅब गुलाबी द्रावणाच्या नळीत बुडवायचा, काडी मोडायची, झाकण घट्ट लावून नळी बर्फाच्या डब्यात. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला आणि तपासणीला रांगा लागल्या. तपासण्या वाढल्या की रुग्णही वाढलेले दिसणारच. म्हणून शंभर नमुन्यांत किती पॉझिटिव्ह, हे आठवड्यागणिक बघा. साथ चढतेय की उतरतेय ते त्यातूनच कळतं.