भिंतीवरचा चौक कॅनव्हासवर आला, की त्याचे काय उरते?

माळरान (धागाकर्ता):
गेल्या आठवड्यात मुंबईतील एका कलादालनात वारली चित्रांचे प्रदर्शन पाहिले आणि तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. मुख्य भिंतीवर पुरुषभर उंचीच्या कॅनव्हासवर लग्नाचा चौक, म्हणजे वारली लग्नात घराच्या भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र, रंगवलेला होता. मधोमध लग्नाची देवी पालघट, भोवती बारीक नक्षीच्या पट्ट्या, आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी आणि शिडी. हात इतका सफाईदार, की एकही रेघ कुठे थरथरलेली नव्हती. मी बराच वेळ समोर उभा राहिलो आणि चित्र सुंदर आहे हे पटूनही ते मला परके वाटत राहिले.

डहाणूकडच्या एका लग्नघरात मी चौक काढला जाताना पाहिला आहे. गेरू दिलेल्या भिंतीवर सुवासिनी बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाची रेघ ओढत होत्या. काडीचे टोक चावून मऊ केलेले होते. ती पिठात बुडवली की रेघ आधी ठसठशीत उमटे आणि मग फिकट होत जाई. ओले पीठ गेरूवर नीट दिसत नाही, वाळल्यावरच ते पांढरे होते, त्यामुळे त्या बायका आपण काढलेले पुरते न पाहताच पुढे सरकत होत्या. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित बाई, गाते ती त्या लग्नासाठी. पुढच्या सारवणात तो झाकला गेला तरी कोणाला हळहळ वाटत नाही, कारण त्याचे काम झालेले असते. माझे म्हणणे एवढेच, की चौकाचा अर्थ त्या लग्नात आहे. लग्न वजा करून उरते ती नक्षी, आणि नक्षीला कला म्हणून आपण स्वतःची समजूत घालतो.

काजळरेघ:
आपला अनुभव मोलाचा आहे, पण निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. अजिंठ्याची चित्रे विहारात राहणाऱ्या भिक्षूंसाठी आणि उपासकांसाठी होती; आज आपण तिकीट काढून ती पाहतो आणि पद्मपाणीसमोर नि:शब्द होतो. उपासना संपली म्हणून कला संपली, असे तिथे कोणी म्हणत नाही.

दुसरे असे, की वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना आपण पूर्णपणे वगळले आहे. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रे काढून सांगू लागले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांचे काम हेरले. तोवर चित्र लग्नकार्यापुरते असे. मशे रोज चित्र काढू लागले, कारण त्यांना ते काढायचेच होते. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र आठवून पाहा. हजारो बारीक रेघांचे ते जाळे जवळजवळ सगळे चित्र व्यापते, आणि माणसे त्यापुढे चिमुकली दिसतात. या चित्राला कोणताही विधी लागत नाही. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे काम होते आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका माणसाने परंपरेतून स्वतःची रेघ वेगळी काढली, याला मी कलेचा जन्म म्हणते.

माळरान:
अजिंठ्याचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ती चित्रे आपल्या जागीच आहेत, आपण वाघूरच्या दरीत उतरून त्यांच्याकडे जातो. मशे यांच्या जाळ्याविषयी मात्र आपले म्हणणे मी मनापासून मान्य करतो. ते चित्र कशाची जागा घेत नाही, ते स्वतःच उभे राहते. माझा आक्षेप चौकावर आहे, कारण तो मंत्रासारखा आहे, विधीबाहेर त्याला अर्थ उरत नाही.

सागवान:
मी त्याच पट्ट्यातली आहे आणि आमच्या घरी दोन्ही प्रकारची चित्रे निघतात, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. आपण दोघेही चित्र कुठे टांगले यावर बोलत आहात. ते कोणी काढले, हे कोणीच विचारले नाही. चौक पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी काढला आणि त्याखाली कधी कोणाचे नाव आले नाही. चित्राला किंमत आली, तेव्हा काडी बहुतेक पुरुषांच्या हाती गेली. आज मुली पुन्हा काढू लागल्या आहेत, कागदावर, कापडावर, कॅनव्हासवर, आणि कोपऱ्यात स्वतःचे नाव लिहितात. माझ्या आत्याने पहिल्यांदा नाव लिहिले, तेव्हा ते इतके बारीक लिहिले, की घेणाऱ्याला ते शोधावे लागले. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पडद्यांवर आणि कपबश्यांवर आमच्या आकृत्या छापणारा आम्हाला विचारत नाही. परकेपणा शोधायचा असेल तर तिथे शोधा.

माळरान:
ताई, हा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला, हे कबूल करतो. त्या मोठ्या कॅनव्हासखाली कोणाचे नाव होते, हेही मी पाहिले नव्हते. तरीही विचारतो: आपल्या आत्या लग्नघरातला चौक आणि विक्रीचा चौक सारख्याच मनाने काढतात का?

सागवान:
नाही. लग्नाचा चौक ती चौघीजणींबरोबर गात काढते, विक्रीचा एकटी बसून काढते, आणि दुसऱ्याला तिला जास्त वेळ लागतो. तिथे रेघ चुकली तर झाकायला गाणे नसते, असे ती म्हणते. आता यातले कला कोणते, ते आपण तिलाच येऊन विचारा. भाताची कापणी झाली की ती घरीच असते.